काळ्या गाडीवरचे गोल चरे: गाडी धुवायला पैसे द्यायचे की स्वतः धुवायची? (पुणे)

काळी_गाडी_कोथरूड
शनिवार, रात्री १०:१५

मंडळी, जरा सविस्तर लिहितोय, वाचून सल्ला द्या.

मागच्या वर्षी काळ्या रंगाची गाडी घेतली, १४ महिने झाले. याआधी दोन्ही गाड्या सेकंडहँड होत्या, ही आमच्या घरातली पहिली नवी, त्यामुळे जीव अडकलाय तिच्यात. सोसायटीत जे दादा गाड्या पुसतात त्यांना पहिल्या दिवसापासून लावलेत, महिना ६०० रुपये, रोज सकाळी बाहेरून पुसायची आणि आठवड्यातून एकदा आतून. परवा खंडेनवमीला म्हटलं पूजेच्या आधी यावेळी आपण स्वतः धुवू. धुवून झाली, पुसून झाली, आणि बेसमेंटमध्ये कुठे डाग राहिलाय का बघायला मोबाईलचा टॉर्च लावला तर बॉनेटभर कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक गोल गोल चरे. टॉर्च जिकडे न्यावा तिकडे जाळं. दारांवर तेच, डिकीवर तेच, छतावर थोडं कमी. पोटात खड्डाच पडला हो.

मग गेले दोन दिवस चौकशी करतोय. जवळच्या वॉशिंग सेंटरवर फोम वॉशचे ५०० घेतात. एका डिटेलिंगवाल्याने पॉलिश आणि सिरॅमिक कोटिंग (रंगावर चढवतात तो संरक्षक थर) मिळून २४ हजार सांगितले, वर जीएसटी. स्वतः धुवायची तर दर रविवारची सकाळ जाणार, आणि आमच्या सोसायटीत पाईप लावायला बंदी आहे, फक्त बादली चालते.

तर दादांना बंद करू का? वॉशिंग सेंटरला महिन्यातून दोनदा नेऊ का? की सगळं स्वतःच करायचं? जे स्वतः करतात त्यांनी नीट सांगा काय काय लागतं.

बाणेर_टेकडी
शनिवार, रात्री १०:४०

सेम अनुभव, माझी गडद निळी. दादांना बंद केलं आणि आता स्वतः धुतो. बंद करा लगेच.

पांढरी_स्विफ्ट
शनिवार, रात्री ११:०२

माझं मत वेगळं आहे. गाडी वापरायची वस्तू आहे, रोज सिंहगड रोडच्या ट्रॅफिकमधून जाते येते, आज ना उद्या कुणीतरी घासून जाणारच. माझी ११ वर्षांची आहे, रोज पुसणारे दादा आहेत, रंग पांढरा असल्यामुळे चरे असतील तरी दिसत नाहीत. रविवारी सकाळी मुलीला घेऊन तळजाईला जातो, तो वेळ मी गाडीला देणार नाही. महिन्याचे पैसे द्या आणि मोकळे व्हा.

डिटेलिंगचं_काम_करतो
रविवार, सकाळी ७:२०

नमस्कार. मी ९ वर्षं याच कामात आहे, कुठे ते सांगत नाही कारण जाहिरात करायची नाहीये. काका (की दादा, माहीत नाही), घाबरू नका, तुम्ही जे बघितलं त्याला आमच्यात स्वर्ल मार्क्स म्हणतात. खरं तर ते चरे गोल नसतातच, सगळ्या दिशांना आडवेतिडवे असतात, पण टॉर्चच्या उजेडात जे आडवे येतात तेवढेच चमकतात म्हणून उजेडाभोवती गोल जाळं दिसतं.

होतं कसं ते सांगतो. गाडीच्या रंगावर वरून एक पारदर्शक थर असतो, क्लिअर कोट. तो साधारण ४० ते ५० मायक्रॉनचा, म्हणजे आपल्या केसापेक्षाही पातळ. पुण्यातली धूळ म्हणजे नुसती माती नसते, बांधकामाची वाळू असते त्यात, मेट्रोची कामं, रस्त्याची खोदाई, टेकड्या फोडून चाललेल्या साइट्स. वाळूचा कण क्लिअर कोटपेक्षा कितीतरी कडक. आता रात्रभरात अशी धूळ गाडीवर बसली आणि सकाळी ओल्या फडक्याने पुसली की तो कण फडक्याखाली सापडून दाराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ओढला जातो. रोज. १४ महिने म्हणजे ४०० वेळा.

गाडी धुळीने खराब होत नाही. धूळ महिनाभर बसून राहिली तरी रंगाला फारसं काही होत नाही. ती आधी न धुता तशीच पुसली की होतं.

आणि हो, सिरॅमिक केलं म्हणजे चरे पडणार नाहीत हे कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. ते ९एच ९एच जे सांगतात तो पेन्सिलच्या मापातला कडकपणा आहे. पाणी घसरून जातं, घाण लवकर निघते, चमक टिकते, हे खरे फायदे. पण त्यावरूनही वाळू फिरवली तर चरे पडणारच.

काळी_गाडी_कोथरूड
रविवार, सकाळी ८:०५

दादाच म्हणा, चाळिशीतला आहे :) इतकं नीट कुणी सांगितलं नव्हतं. म्हणजे पैसे देऊन मी स्वतःच चरे पाडून घेत होतो असं झालं की. मग आता पॉलिश करून घेऊ का?

डिटेलिंगचं_काम_करतो
रविवार, सकाळी ८:३०

आत्ता नको. पॉलिश म्हणजे क्लिअर कोटचा अगदी वरचा थर घासून काढणे, चऱ्याच्या तळापर्यंत, की चरा दिसेनासा होतो. दर वेळी काही मायक्रॉन जातात आणि ते परत येत नाहीत. आधी धुण्याची पद्धत बदला, सहा महिने तशी सांभाळा, मग एकदाच चांगल्या माणसाकडून मशीन पॉलिश करून घ्या. नाहीतर २४ हजार घालून परत महिन्याभरात तीच जाळी येईल. सर्व्हिसिंगला गाडी टाकताना पण लेखी सांगा की धुवायची नाही आणि रबिंग करायचं नाही, तिथे एकच स्पंज दिवसभर सगळ्या गाड्यांवर फिरतो असं मी डोळ्यांनी बघितलंय.

जुना_पेठकर
रविवार, सकाळी ९:१०

आमच्या वेळचं सांगतो, कदाचित उपयोग होईल. १९९० च्या सुमारास माझ्याकडे लाल मारुती ८०० होती. दर दिवाळीला पॉलिश करायचो आणि फडकं लाल व्हायचं, गाडीचा रंगच फडक्याला यायचा. वर क्लिअर कोट नव्हता ना, रंग थेट घासला जायचा आणि खालून नवा चकचकीत रंग दिसायचा. त्यामुळे रबिंग केलं की गाडी नवी होते हे आमच्या पिढीच्या डोक्यात पक्कं बसलं. मुलाच्या नव्या गाडीला मी त्याच प्रेमाने वाड्यात बसून रबिंग पॉलिश लावलं आणि बॉनेट धुरकट करून ठेवलं. तो काही बोलला नाही पण मला फार वाईट वाटलं. डिटेलिंगवाल्या दादांचं म्हणणं मनावर घ्या.

बाणेर_टेकडी
रविवार, सकाळी ११:३०

स्वतः करायचं तर काय लागतं ते लिहितो, मी दीड वर्ष करतोय. दोन बादल्या, एकीत शाम्पूचं पाणी आणि एकीत साधं. हातमोज्यासारखा मायक्रोफायबरचा मिट मिळतो, स्पंज नको, स्पंजच्या सपाट बाजूला कण अडकून तसाच घासतो, मिटच्या केसांमध्ये कण आत जातो. छतापासून सुरुवात करायची, एक पॅनेल झालं की मिट साध्या पाण्यात पिळून मगच शाम्पूत बुडवायचा. दारांचा खालचा भाग आणि बंपर सगळ्यात शेवटी, आणि चाकांना वेगळं फडकं, ते परत वर न्यायचं नाही कधीच. शाम्पू गाडीचाच घ्या, भांड्याच्या साबणाने वॅक्स उतरतं, आणि कपड्याची पावडर तर अजिबात नको. मायक्रोफायबर मी नाना पेठेतून आणले, ३५० जीएसएमचे (कापडाच्या वजनाचं माप).

पण खरा प्रॉब्लेम आमच्याकडे पाण्याचा आहे. आमच्या भागात टँकर आणि बोअर. धुतल्यावर उन्हात वाळली की पांढरे ठिपके, काचेवर तर असे बसतात की वायपर फिरताना खरखर आवाज येतो. सुरुवातीला मी आरओचं वाया जाणारं पाणी वापरायचो, वाटलं पाणी पण वाचेल. ते करू नका कुणी! गाळून काढलेले सगळे क्षार त्याच पाण्यात असतात, ठिपके दुप्पट झाले. टीडीएस मीटर लावून बघितलं तेव्हा डोळे उघडले.

मग आता काय करतो, बेडरूमच्या एसीचा पाईप रात्री कॅनमध्ये सोडतो, ऑक्टोबरात रात्रीत तीन-चार लिटर जमतं. ते पाणी हवेतल्या वाफेचं, त्यात क्षार जवळपास नसतातच. धुणं बोअरच्या पाण्याने आणि शेवटचा हात एसीच्या पाण्याने, स्प्रेच्या बाटलीतून. ठिपके बंद. आधी पडलेले ठिपके काचेवरून पांढऱ्या व्हिनेगरमध्ये तेवढंच पाणी घालून काढले, मऊ फडक्याने, आणि लगेच धुवून टाकलं.

आईची_वॅगनआर
रविवार, दुपारी ३:४५

एसीच्या पाण्याचं फारच भारी सुचवलंत, आजच कॅन लावते.

मी आतल्या बाजूचं लिहिते कारण सगळे बाहेरचंच बोलतायत. उन्हाळ्यात मागच्या सीटवर एक लिटर दुधाची पिशवी फुटली, मी घरी येऊन ओल्या फडक्याने पुसलं, बेकिंग सोडा टाकला, दोन दिवस काचा उघड्या ठेवल्या. तिसऱ्या दिवशी दार उघडलं तर आत बसवेना इतका वास. मुलगा म्हणाला आई मी रिक्षाने जातो. मग अजून सोडा, अजून परफ्युम, कॉफीच्या पुड्या, सगळं झालं, पंधरा दिवस माझ्या नाकात तोच वास. शेवटी १८०० रुपये देऊन डिटेलिंगला दिली. त्यांनी माझ्यासमोर मागची सीट काढली, खालचं कार्पेट उचललं, आणि कार्पेटच्या खाली जो नमद्यासारखा जाड थर असतो ना तो दुधाने भिजून दही झालेला होता. वरून मी कितीही पुसलं असतं तरी तिथपर्यंत माझा हात पोचलाच नसता. त्यांनी एन्झाइमवालं काहीतरी मारून ठेवलं, मग पाणी मारून ओढून घेणाऱ्या मशीनने तीनदा घेतलं आणि उन्हात वाळवलं. वास गेला तो गेलाच.

तेव्हा माझं मत, आतलं मोठं काम निघालं की पैसे द्या, त्यात कमीपणा नाही. रोजचं मी स्वतः करते, रंगाचा जुना मऊ ब्रश एसीच्या जाळीसाठी आणि छोटा व्हॅक्युम. डॅशबोर्डला ते चकचकीत करणारं तेलकट पॉलिश लावू नका, त्यावर धूळ चिकटते आणि दुपारच्या उन्हात काचेत डॅशबोर्डच दिसतो, समोरचं दिसत नाही.

देवरुखचा_पुण्यात
रविवार, संध्याकाळी ६:२०

ताईंना +१. मी अजून एक सांगतो, पैसे द्यायचे तर गाडीखालच्या धुण्याला द्या. आम्ही गणपतीला गावी जातो, ताम्हिणीतून जाताना आणि येताना दोन्ही वेळा पाऊस. आल्यावर गाडी वरून धुवून चकाचक केली आणि खाली बघितलंच नाही. पुढच्या वर्षी मेकॅनिकने रॅम्पवर चढवून दाखवलं, मडगार्डच्या आतल्या कडेला जांभ्याची लाल माती अशी थापून बसली होती, लिंपल्यासारखी, आणि स्क्रूड्रायव्हरने उकरली तर खालून पत्रा गंजलेला. माती वर्षभर ओल धरून ठेवते. बीचवर गाडी नेणाऱ्यांनी तर घरी आल्या आल्या रॅम्पवर खालून धुवून घ्यावी, खारं पाणी फार वाईट.

आणि पुढच्या काचेखाली वायपरपाशी जाळी असते तिथली पानं काढत जा. ती कुजून भोकं बुजली की पावसाचं पाणी पायात येतं.

पीतमोहराखाली
रविवार, रात्री ९:००

ज्यांना कव्हर्ड पार्किंग नाही त्यांचं काय? माझी गाडी रस्त्यावर झाडाखाली असते. पिवळी फुलं चालतात मला, आवडतात, पण कबुतरं आणि रात्रीची वटवाघळं. जानेवारी-फेब्रुवारीत पुढच्या गल्लीत आंब्याखाली लावली तर पूर्ण गाडी चिकट, मोहोरावरच्या तुडतुड्यांचा मधासारखा चिकटा पडतो तो. मला तर रोज पुसण्याशिवाय मार्गच नाही.

डिटेलिंगचं_काम_करतो
रविवार, रात्री ९:२५

तुमच्यासाठी डिकीत एक स्प्रेची बाटली आणि चार फडकी, बस. पक्ष्याची विष्ठा आम्लधर्मी असते, उन्हात तापली की एक-दोन दिवसांत क्लिअर कोटमध्ये खड्डा करते, मग तो पॉलिशशिवाय जात नाही. पण ती खरवडायची नाही! पाणी मारा, वर ओलं फडकं नुसतं ठेवून द्या, पाच मिनिटं. मऊ झाली की अलगद उचलून घ्या. चिकट्याला पण तेच, आधी भिजवा. आणि तुमच्या गाडीला वॅक्स किंवा सिरॅमिकचा खरंच उपयोग आहे, काळ्या गाडीवाल्यांपेक्षा तुम्हाला जास्त.

काळी_गाडी_कोथरूड
रविवार, रात्री १०:५०

सगळ्यांचे मनापासून आभार. म्हणजे दादांना बंद करायचं हे नक्की. उद्या सांगतो त्यांना.

सोसायटीची_सेक्रेटरी
सोमवार, सकाळी ७:४०

थांबा हो. दोन दिवस वाचतेय, आता राहवत नाही.

आमच्याकडे जे गाड्या पुसतात ते पहाटे ५ ला येतात, ९ ला त्यांना दुसऱ्या कामावर जायचं असतं. ३० गाड्या आहेत. चार तास म्हणजे २४० मिनिटं, भागिले ३०, एका गाडीला ८ मिनिटं, आणि त्यातच खालच्या नळावरून बादली भरून आणणं आलं. दोन फडकी, ती पण कुणाच्या तरी जुन्या टी-शर्टची, कारण आपण कुणी त्यांना फडकं दिलेलंच नाही. आठ मिनिटांत एका बादलीत कोण कसं धुवेल? आणि रोज पुसा असं कुणी सांगितलं, आपणच ना? एक दिवस सुटला की ग्रुपवर मेसेज येतो की आज गाडी पुसली नाही. पद्धत आपण ठरवलेली आहे आणि बंद त्यांना करायचं, हे मला पटत नाही. या गाड्यांवर त्यांच्या दोन मुलांची शाळा चाललीये.

रोज पुसू नका म्हणून सांगा. आठवड्यातून दोनदा धुवा, पैसे तेवढेच, सामान आमचं. त्यांना काम कमी आणि गाडी पण वाचेल. बोलून तर बघा एकदा.

पांढरी_स्विफ्ट
सोमवार, सकाळी ८:१५

ताई, अगदी मनातलं लिहिलंत.

डिटेलिंगचं_काम_करतो
सोमवार, सकाळी ८:५०

ताईंचं बरोबर आहे, मी पण सुरुवात अशीच पहाटे गाड्या पुसून केली होती. पाईप बंदी असेल तर रिन्सलेस वॉश घ्या, दहा लिटर पाण्यात साधारण ४० मिली पडतं, फेस होत नाही आणि परत साध्या पाण्याने धुवावी लागत नाही. एका बादलीत पूर्ण गाडी. गाडीवर चिखल असेल तर मात्र आधी पाण्याने काढून मगच. फडकं दोनदा दुमडायचं म्हणजे दोन्ही बाजू धरून आठ स्वच्छ पानं मिळतात, एका पॅनेलला एक पान, वापरलेलं पान परत गाडीला लावायचं नाही. हे शिकवायला अर्धा तास लागतो.

पाईपबद्दल पण सांगतो, बंदी योग्यच आहे. मी एकदा घरच्या नळीखाली २० लिटरची बादली लावून वेळ बघितली, सव्वा मिनिटात भरली. दहा मिनिटं पाईप चालू ठेवला तर १६० लिटर गेले. २०२४ च्या उन्हाळ्यात बंगळूरला पिण्याच्या पाण्याने गाडी धुतली तर ५ हजार दंड लावला होता. आपल्याला खडकवासल्याचं पाणी मिळतंय म्हणून कसंही वापरायचं नाही.

काळी_गाडी_कोथरूड
दोन आठवड्यांनी, रविवार, सकाळी १०:३०

अपडेट देतो.

मंगळवारी सकाळी साडेपाचला खाली गेलो. दादा एक नंबरच्या गाडीवर होते. मी आधी टॉर्च लावून बॉनेट दाखवलं, ते बघून ते एकदम गप्प झाले, म्हणाले, साहेब मी कधी खडा घेतला नाही हातात, एवढी वर्षं काम करतोय. मी म्हटलं माहितीये, तुमची चूक नाही, मीच रोज पुसा म्हटलं होतं. मग सगळं सांगितलं, वाळूचं, फडक्याचं. त्यांनी स्वतःचं फडकं हातावर उलगडलं आणि ट्यूबलाइटखाली धरलं, त्यात बारीक चमचम दिसत होती, वाळूच ती. बराच वेळ बघत राहिले.

आता असं ठरलंय, बुधवार आणि शनिवार, ६०० तेवढेच. एक झाकणाची बादली, रिन्सलेसची बाटली, सहा फडकी आणि चाकांचं एक वेगळं, कोपरा कापून खूण केलेलं. सगळं मिळून १७०० च्या आसपास गेले. पहिल्या शनिवारी आम्ही दोघांनी मिळून धुतली, ४० मिनिटं लागली, काल त्यांनी एकट्याने २० मिनिटांत केली आणि फडकं दुमडायची त्यांची पद्धत माझ्यापेक्षा चांगली आहे, दर वेळी कडा जुळवून घेतात. आतलं मी करतो रविवारी, मुलगा व्हॅक्युम धरतो. गाडीखालून धुवायला पुढच्या आठवड्यात रॅम्पवर नेणार आहे कारण आम्ही पण ऑगस्टमध्ये कोकणात गेलो होतो आणि खाली बघितलंच नव्हतं. पॉलिश मार्चनंतर.

चरे आहेत तेवढेच आहेत, टॉर्च लावायचं आता बंद केलंय.

बी विंगमधल्या चौघांनी पण विचारलंय. दादा म्हणाले चार बादल्या झाल्या तर ठेवायला जागा आणि फडकी वाळत घालायला दोरी लागेल, बेसमेंटमध्ये वाळत नाहीत, कुबट वास येतो. सेक्रेटरी ताई, तुमच्याकडे फडकी कुठे वाळत घालतात? गच्चीची किल्ली देता का त्यांना?

सोसायटीची_सेक्रेटरी
रविवार, सकाळी ११:१०

जिन्याखाली मीटर रूमच्या बाहेर दोरी बांधून दिलीये, सकाळचं ऊन येतं तिथे. किल्लीचा प्रश्नच येत नाही. पाहिजे तर फोटो टाकते.